शेतराखणीची बंदूक घरापासून मळ्यापर्यंत: भरायची कधी, धरायची कशी, रिकामी कधी करायची

हळवं भात निसवायला लागलं की आमच्याकडे कोकणात राखणीच्या बंदुका खुंटीवरून खाली येतात. डुकरांचा कळप एका रात्रीत कुणगाच्या कुणगा (भाताचा वाफा) लोळवून जातो, त्यामुळे राखण चुकत नाही. पण त्याच दिवसांत नको त्या गोष्टीही कानावर यायला लागतात. गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) उडी मारताना बार सुटला, मांगराच्या (मळ्यातल्या खोपटाच्या) कुडाला टेकवलेली बंदूक घसरली, अंधारात सोबत्याच्या हातात देताना चाप ओढला गेला. नेम धरताना झालेल्या अपघातापेक्षा ही चालतानाची, चढतानाची, देण्याघेण्यातली चूक मी जास्त पाहिली आहे. म्हणून या लेखात नेमबाजी नाही. घरातून निघाल्यापासून परत घरी ठेवेपर्यंत बंदूक कशी न्यायची, एवढंच आहे.

तरुण पोरं विचारतात, रात्री सड्यावर (कातळाच्या माळावर) सशाच्या मागे जाताना बंदूक कशी धरायची? त्यांना माझं सरळ उत्तर असतं: जायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर पीक नासत असलं तरी त्याला मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. बंदुकीचा परवाना त्या कामी चालत नाही. पुढचं सगळं लिहिलं आहे ते परवानाधारक शेतकऱ्यासाठी, जो स्वतःच्या मळ्यात राखणीला जातो.

सगळ्या लेखाचा कणा एका वाक्यात सांगतो, म्हणजे मधे कुठे विसर पडला तरी हे राहील. बसल्यावर भरायची, उठण्याआधी रिकामी करायची. चालताना बंदूक भरलेली असता कामा नये.

१. दुपारच्या उजेडात तयारी

तयारी दिवेलागणीनंतर करायला बसू नका. कंदिलाच्या उजेडात नळीतली माती दिसत नाही.

पहिल्यांदा बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून वाकवून उघडून, दोन्ही घरं (काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत ना ते पाहा. डोळ्यांनी पाहून भागत नाही, बोट घालूनही बघा. मग नळी आभाळाकडे धरून मागच्या बाजूने आरपार बघा. आत उजेडाचं स्वच्छ गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. पावसाळ्यात खुंटीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. मागच्या वर्षी राखणीहून येताना चिखलात टेकलेलं तोंड तसंच वाळलेलं असतं. नळी अशी चोंदलेली असताना बार उडवला तर ती फुटते, आणि फुटते ती डाव्या हाताच्या बोटांपाशी. गजाला कापड गुंडाळून दोनदा आरपार फिरवा, मग पुन्हा बघा.

नंतर घोडा. बाहेरचा घोडा असलेली जुनी बंदूक असेल तर ती रिकामी असताना घोडा अर्ध्यावर चढवा आणि चाप चांगला जोर लावून दाबा. घोडा हलता कामा नये. मग अंगठ्याने घोड्याला मागून पुढे ढकलून बघा. घसरला तर आतली खाच झिजली आहे. ती बंदूक त्या रात्री घरीच राहू द्या आणि परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. गावातल्या लोहाराकडे देऊ नका.

घोडा आत असलेल्या बंदुकीची सेफ्टी सरकवून चाप दाबून बघा. चाप अडला तर सेफ्टी काम करते आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका. बऱ्याच दुनळी बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच असतो आणि बंदूक दगडावर जोरात आपटली तर तो सुटू शकतो. सेफ्टी लावली म्हणजे बंदूक रिकामी झाली, ही समजूत डोक्यातून काढा.

काडतुसं हातात घेऊन एकेक तपासा. कोकणातली हवा दमट, त्यात कागदी काडतूस फुगतं. फुगलेलं काडतूस घरात अर्धवट जातं, मग माणूस ते अंगठ्याने ठोकून बसवू बघतो. तसलं काडतूस बाजूला काढा. बुडाला हिरवट गंज असेल तेही नको. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) बंदुकीजवळ दुसऱ्या बोअरचं काडतूस एकाच पिशवीत ठेवायचं नाही. वीस बोअरचं बारीक काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, घर मागून रिकामं दिसतं, माणूस वर दुसरं भरतो. पुढे काय होईल ते सांगायला नको.

ठासणीची बंदूक (तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) असेल तर भरलेली आहे की रिकामी, हे डोळ्यांनी कळत नाही. तिला गजाची खूण लागते. बंदूक नक्की रिकामी असताना गज तळाला टेकेपर्यंत आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने बारीक खाच पाडा. पुढे कधीही गज आत सोडला आणि खाच तोंडाच्या वर राहिली, तर आत दारू आहे असं समजा. ही खाच पाडायला पाच मिनिटं लागतात, पण मी विचारलं तेव्हा दहातल्या एकाच्याही गजावर ती नव्हती.

तपासा: परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घेतला का? बंदूक परवान्यावर नाव असलेल्या माणसाच्याच हातात राहणार आहे का? वाडीत आजूबाजूला मळे असलेल्यांना, आज आम्ही अमुक मांगरात बसणार, हे सांगितलं का?

हे शेवटचं सांगणं लोक कमीपणाचं मानतात. मानू नका. रात्री बॅटऱ्या घेऊन कुर्ल्या धरणारे, माशांसाठी व्हाळात (ओढ्यात) उतरणारे, दुसऱ्या बाजूने आपल्या मळ्यातली डुकरं हाकणारे, असे किती तरी लोक अंधारात फिरत असतात. तुम्ही कुठे बसलात हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे आणि ते कुठे असतील हे तुम्हाला.

त्या दिवशी घोटभर जरी घेतली असेल तर राखणीला दुसरा जाईल. बंदूक मात्र घरीच राहील. यात तडजोड नाही.

२. दिवसाउजेडी जागा ठरवणे आणि दोन काठ्या रोवणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा हाच.

उजेड असताना मांगरात किंवा माळ्यावर (मचाणावर), जिथे रात्री बसणार तिथे जाऊन बसा. समोर काय आहे ते नीट बघा. कुठे घर, कुठे पाणंद, कुठे शेजाऱ्याचा मांगर, कुठे नुसती डोंगराची मातीची उतरण. ज्या दिशेला मागे उंच मातीचा बांध किंवा डोंगर आहे तीच बाजू बंदुकीची. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे पलीकडे काही दिसत नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असं धरून चालत नाही.

आता पुढ्यात हातभर अंतरावर दोन काठ्या जमिनीत रोवा. एक डाव्या मर्यादेवर, दुसरी उजव्या. त्यांच्या टोकांना पांढऱ्या कापडाची चिंधी बांधा. रात्री नळी या दोन काठ्यांच्या बाहेर जायची नाही. अंधारात माणसाचा दिशेचा अंदाज फार फसतो. डुकरं उजवीकडून आली आणि आपण त्यांच्या आवाजाबरोबर वळत गेलो, तर नळी पाणंदीवर कधी गेली ते कळतही नाही. काठीला नळी अडली की हात थांबतो.

माझ्या लहानपणी आमच्या काकांनी अशाच काठ्या रोवल्या नव्हत्या. त्यांनी वळून बार काढला, तो शेजारच्या पोफळीच्या बुंध्यात गेला. बुंध्याशी सकाळी गुरं बांधायची असत. ती रात्र म्हणून निभावलं. ती पोफळ पुढे कितीतरी वर्षं उभी होती, छर्र्यांची भोकं साल भरून येऊनही दिसायची.

३. वाटेवर धरायची कशी

बंदूक रिकामी, काडतुसं शर्टाच्या बटणबंद खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. ठासणीची असेल तर टोप्यांची (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची) डबी वेगळ्या खिशात. दारू भरलेली ठासणी घेऊन निघायचंच नाही.

मोटारसायकलवरून जात असाल तर बंदूक खोळीत घाला आणि मागे बसलेल्याच्या पाठीला पट्ट्याने लावा, तोंड वर. मांडीवर आडवी घेऊन बसू नका. खड्ड्यात गाडी आदळली की ती कुणाच्या बरगडीत जाते ते बघायला वेळ नसतो.

पायी चालताना तीन पद्धती पुरतात.

पहिली, मोडून हातावर. मोडलेली बंदूक कोपराच्या बेचक्यात, नळ्या खाली जमिनीकडे. मागून येणाऱ्याला दोन्ही घरं रिकामी दिसतात. एकटेच असा वा पाच जण, मला हीच पसंत.

दुसरी, छातीवर तिरकी. डावा हात नळीखाली, उजवा दस्त्याच्या मानेला, तोंड डाव्या खांद्याच्या वर. करवंदाच्या जाळीतून किंवा काजूच्या बागेतून जाताना हीच बरी, कारण दोन्ही हात बंदुकीवर असतात आणि फांदी अडकत नाही. उजव्या हाताची बोटं चापाच्या कडीबाहेर, लांब ताठ ठेवा.

तिसरी, पट्ट्याने खांद्यावर. रुंद पायवाटेवर ठीक, पण वाकून गडग्याखालून जाताना तोंड पुढच्या माणसाच्या मानेला लागतं. झाडीत ही पद्धत सोडा. आडवी खांद्यावर टाकून, काठी घेतल्यासारखी बंदूक नेणारे अजून दिसतात. वळले की मागच्या सगळ्यांवरून नळी फिरते. ही सवय आजच मोडा.

पावसात तोंड खाली ठेवावं लागतं, मान्य. पण मग ते चिखलाला लागू देऊ नका. बांधावर शेवाळ असतं, पाय सटकला की माणूस आधारासाठी हातातलं पहिल्यांदा टेकतो. म्हणून राखणीला जाताना दुसऱ्या हातात काठी हवीच. काठी टेकायला, बंदूक धरायला.

सावधान: पडलात, तर उठल्यावर पहिलं काम नळी तपासण्याचं. बॅटरी लावा, बंदूक मोडा, मागून आत बघा. चिखल शिरला असेल तर गज फिरवल्याशिवाय पुढे काडतूस भरायचं नाही. खरचटलेला गुडघा नंतर बघा.

चालण्याचा क्रम असा. बंदूकवाला एकटाच असेल तर तो पुढे. सोबती त्याच्या मागे, बाजूला कधीही नाही. दोन बंदुका असतील तर पुढच्याची नळी पुढे आणि डावीकडे, मागच्याची मागे आणि उजवीकडे. मधले रिकाम्या हाताने. बॅटरी पुढच्या माणसाकडे, पण बंदुकीला बांधलेली नको. नळीला बॅटरी बांधली की जे बघायचं त्याच्यावर बंदूक रोखली जाते. माणूस, गुरं, कुत्रा, सगळ्यांवर. कपाळाला लावायची बॅटरी घ्या.

४. गडगा, वई, व्हाळ, साकव

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडं सावकाश.

जांभ्याच्या गडग्यावर चढताना चिरा हलतो. वर उभं राहून हातातली बंदूक पलीकडे उडी मारताना हातातच ठेवणं म्हणजे पडताना ती आपल्यावर घेणं. क्रम हा:

थांबा. बंदूक मोडा आणि पुन्हा बघा, रिकामी आहे ना. आपण रिकामीच घेऊन निघालो होतो, हे डोक्यात असेल, तरीही बघा. मग बंद करून गडग्याला समांतर, जमिनीवर सपाट ठेवा. तोंड तुमच्या चढायच्या जागेपासून उलट दिशेला. टेकवून उभी ठेवायची नाही, चिरा हलला की ती घसरते. चार-पाच हात बाजूला सरकून तुम्ही चढा, पलीकडे उतरा. मग दस्त्याच्या बाजूने हात घालून उचला. नळी धरून स्वतःकडे ओढायची नाही. वईतून (झाडझुडपांच्या कुंपणातून) खेचताना काटेरी फांदी चापात अडकते आणि तोंड नेमकं पोटाकडे असतं.

दोघे असाल तर काम सोपं. पहिला बंदूक न घेता पलीकडे जातो. दुसरा मोडलेली बंदूक दस्ता पुढे करून देतो. घेणारा म्हणतो, "बघितली, रिकामी." मग देणारा सोडतो. हे बोलून करायचंच. अंधारात माणूस न बोलता अर्ध्यातच सोडून देतो.

व्हाळातून जाताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर बंदूक न्यायचीच नाही, लांबून वळसा घ्या. कमी असेल तर मोडून, दोन्ही हातांनी छातीशी धरून. साकवावर (व्हाळावरच्या छोट्या पुलावर) एकेकटे जा. शेवाळलेल्या पोफळीच्या साकवावर दुसऱ्याचा हात धरायचा असतो, बंदूक धरून तो धरता येत नाही.

तपासा: ओलांडून गेल्यावर खिशातली काडतुसं मोजा. चार घेऊन निघालात तर चार असली पाहिजेत. गवतात पडलेलं काडतूस दुसऱ्या दिवशी गुराखी पोराच्या हाती लागतं.

५. बसल्यावर भरणे

मांगरात पोचलात. आधी बसा, घोंगडी अंथरा, पाणी प्या, सोबती कुठे बसला ते बघा. तो तुमच्या मागे किंवा अगदी बरोबरीने बसलेला हवा, पुढे नाही. माळ्यावर चढायचं असेल तर वर जाईपर्यंत बंदूक रिकामी, शिडीवरून दोरीने वर ओढायची, मोडलेल्या अवस्थेत.

सगळं स्थिर झालं की नळी दोन काठ्यांच्या मधे करून भरा. दुनळी असली तरी एकच नळी भरली तर माझ्या मते पुरे. दुसऱ्या नळीत काडतूस आहे हे पहिला बार काढल्यावर गडबडीत विसरलं जातं आणि माणूस बंदूक रिकामी झाली समजून उठतो.

घोड्याच्या बंदुकीत घोडा खाली, काडतुसाच्या टिकलीवर (बुडातल्या, टोल्याने पेटणाऱ्या भागावर) टेकलेला ठेवू नका. जुन्या बंदुकांत वरून टोला बसला तर बार उडतो. ठासणीच्या बंदुकीला टोपी लावायचीच नाही, डबी हाताशी ठेवा. टोपी चढवायला किती वेळ लागतो? चार श्वास. तेवढ्यात डुक्कर मळा खाऊन जात नाही.

मग बंदूक मांडीवर नको. पुढ्यात दोन बेचक्याच्या खुंट्या ठोकून त्यावर ठेवा. रात्र लांब असते, पहाटेच्या सुमाराला डोळा लागतोच. झोप यायला लागली की बंदूक रिकामी करा आणि मग झोपा.

६. चाहूल लागल्यावर

भातात सळसळ झाली की पहिला हात बॅटरीला, दुसरा तोंडाला. हाक मारा. "कोण रे?" दोनदा, मोठ्याने. जनावर पळून जाईल म्हणाल, तर राखणीचं काम तेच आहे. डबे बडवा, आरडाओरडा करा. बहुतेक रात्री काम एवढ्यावर भागतं.

बॅटरीच्या उजेडात दोन चमकणारे डोळे दिसले म्हणजे डुक्कर, असं नाही. गाय, वासरू, कुत्रा, साळिंदर, गवा, सगळ्यांचे डोळे चमकतात. पूर्ण आकार, डोकं आणि पाय, दिसल्याशिवाय बंदूक खुंटीवरून उचलायची नाही. सळसळीवर, सावलीवर, डोळ्यांवर कधीच बार नाही. बंदुकीचा उपयोग "बघायला" करायचा नाही.

हवेत बार काढून पळवू म्हणणाऱ्यांना सांगतो, वर गेलेले छर्रे खाली येतात, आणि मोठ्या छर्र्याने इजा होते. लग्नात, शिमग्यात, दसऱ्याला हवेत बार काढणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली शिक्षेचं काम आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

७. चाप दाबला आणि बार उडाला नाही

दमट हवेत हे होतं. त्या क्षणी माणूस बंदूक खाली घेतो आणि तोंडाशी डोळा नेतो. जिवावरची चूक!

नळी होती तिथेच, दोन काठ्यांच्या मधे धरून ठेवा. काडतुसाच्या बंदुकीत किमान ३० सेकंद मनात मोजा, ठासणीच्या बंदुकीत दोन मिनिटं. दारू आत हळू धुमसत असते आणि बार उशिरा उडू शकतो. मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक मोडा, काडतूस काढा आणि ते वेगळ्या डब्यात ठेवा. चांगल्या काडतुसांत परत मिसळू नका.

दुसरी गोष्ट आवाजाची. बार नेहमीपेक्षा बारीक, फुसका वाजला तर आतली गादी (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) किंवा छर्रे नळीतच अडकले असतील. लगेच दुसरं काडतूस भरायचं नाही. नळी आरपार बघायची.

८. उठण्याआधी रिकामी करणे

पहाटे निघताना लोक थकलेले असतात, अंगात गारठा असतो, घरच्या चहाची आठवण येत असते. जाताना जे सगळे नियम पाळले ते परतताना गळतात.

उभं राहण्याआधी, बसल्या जागीच, काठ्यांच्या मधे नळी ठेवून बंदूक मोडा. काडतुसं काढा, मोजा, खिशात घाला, बटण लावा. सोबत्याला घरं दाखवा. मगच उठा. घोडा चढवलेला असेल तर आधी बंदूक मोडून काडतूस काढा, घोडा नंतर उतरवा. भरलेल्या बंदुकीचा घोडा अंगठ्याने हळूच उतरवायला जाऊ नका. थंडीने बधिरलेला, ओला अंगठा घसरतो.

भरलेली ठासणी घरी आणायची नाही. टोपी काढून तिथेच ठेवा, फटफटलं की समोरच्या ठरलेल्या मातीच्या बांधात बार काढा आणि मग गजाची खाच बघून खात्री करा. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा की सकाळी एक बार ऐकू येईल.

९. घरी आल्यावर

खाऱ्या वाऱ्यात बंदूक एका रात्रीत गंज धरते. नळी पुसा, तेलाचं कापड फिरवा, पण तेल जास्त नको. थेंब साचला तर तो पुढच्या बाराला अडचण करतो. ओली खोळ बंदुकीवर चढवून ठेवू नका, आधी वाळवा.

कुलपाची पेटी हवी. पडवीतली खुंटी पुरत नाही. पडवीत पोरं खेळतात आणि पाहुणे "बघू काय" म्हणून हात लावतात. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली परवानाधारकाकडे. घरातल्या पोरांना बंदूक लपवून ठेवण्यापेक्षा एकदा उजेडात, रिकामी असताना, तुमच्या देखत दाखवा आणि हात लावू नये हे स्पष्ट सांगा. लपवलेल्या वस्तूचा शोध लागतोच.

निवडणुकीच्या दिवसांत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो तेव्हा ती एक वर्ष न उघडलेली, गंजलेली, कधी कधी आत काडतूस राहिलेली अशी थेट ठाण्याच्या टेबलावर ठेवली जाते. आदल्या दिवशीच उजेडात मोडून, बोट घालून बघा. ठाण्याच्या दारातच मोडून दाखवा, मोडलेलीच हातात द्या, आणि नंबर टिपलेली पावती घेऊनच घरी या.